मागे अँटी-रोल बार बसवताय? आधी हे वाचा, मग जॅक लावा

वळणावर गाडी झोपते आणि नाक काही मनासारखं आत येत नाही, स्टिअरिंग अजून थोडं, अजून थोडं फिरवत बसावं लागतं, ही तक्रार घेऊन बरीच पोरं मागे अँटी-रोल बार टाकायला निघतात. पार्टच्या दुकानात मात्र 'स्टॅबिलायझर बार' असं मागा, नाहीतर समोरचा नुसता बघत बसेल. काम तसं अवघड नाहीये. हातात पाना धरायची सवय असलेल्या माणसाला एक सकाळ पुरते, जुना बार काढायचा असेल आणि बोल्ट गंजले असतील तर दुपार होते, आणि आपल्याकडे एप्रिल-मे मधे दुपार झाली म्हणजे काम बंदच, पत्र्याला हात लावता येत नाही. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास असताना गाडीखाली उताणं पडायची हौस कोणाला असेल तर असो. बाकीच्यांनी थंडीत करा नाहीतर उजाडताच सुरू करा.

बार करतो काय हे आधी डोक्यात बसवा, कारण नंतरचे सगळे निर्णय त्यावरच आहेत. स्प्रिंग स्टीलचा यू आकाराचा दांडा असतो, मधला भाग दोन बुशांमधे (रबराच्या किंवा तशाच मऊ मालाच्या पोकळ गोट्यांमधे) धरून बॉडीला किंवा सबफ्रेमला, म्हणजे बॉडीखाली बोल्टने लावलेल्या लोखंडी सांगाड्याला, क्लॅम्पने आवळलेला, आणि दोन टोकं लिंक रॉडने डाव्या-उजव्या सस्पेन्शन आर्मला जोडलेली. दोन्ही चाकं एकदम वर गेली, म्हणजे सरळ आडवा स्पीडब्रेकर आला, तर बार बुशात नुसता फिरतो, काही करत नाही. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं, वळणावर तेच होतं, की ओली चादर दोघांनी दोन टोकं धरून पिळावी तसा तो पिळला जातो, आणि तो पीळ परत सुटायला बघतो तेवढी गाडी कमी झुकते. एका चाकाखाली खड्डा आला तरी हेच होतं, त्या चाकाचा धक्का थोडा दुसऱ्या चाकाकडेही जातो. आपल्या रस्त्यांवर हे लक्षात ठेवायला लागतं.

आता विकणारा जे सांगत नाही ते. वळणावर आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं, आणि ते एकूण किती जाणार हे गाडीचं वजन किती उंचीवर आहे, चाकं एकमेकांपासून किती लांब आहेत आणि तुम्ही किती जोरात वळताय यावर ठरतं. बार टाकून त्यात जवळपास काही फरक पडत नाही. बार फक्त पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणी बदलतो. मागचा बार जाड केला की मोठा वाटा मागची चाकं उचलतात, पुढच्या बाहेरच्या टायरचा भार हलका होतो, म्हणून नाक आत यायला लागतं. पण मागच्या टायरची पकड तेवढी खर्ची पडते. ओल्या रस्त्यावर, भर वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला तर शेपूट बाहेर यायची शक्यता वाढते. पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्या कंपनीतून मुद्दाम नाक बाहेर जाईल अशाच सेट करून येतात, कारण सामान्य ड्रायव्हरला ते सांभाळायला सोपं जातं. तुम्ही तेच बदलताय, एवढं भान ठेवा.

जाडीबद्दलही बोलून घेऊ. "फक्त दोन एमएम जाड आहे भाऊ" असं दुकानदार म्हणतो तेव्हा हिशोब करा, बारचा ताठरपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १६ एमएमच्या जागी १८ एमएमचा भरीव बार टाकला तर ताठरपणा साधारण ६० टक्क्यांनी वाढला, २० एमएमचा टाकला तर जवळजवळ अडीच पट झाला. पोकळ बार असेल तर हिशोब वेगळा, आतला व्यास वजा होतो, म्हणून नुसतं बाहेरून कॅलिपर लावून तुलना करू नका. पहिल्यांदा टाकताय तर मूळ बारपेक्षा एक पायरी वर जा, दोन नको. टोकाला दोन-तीन भोकं असलेला ॲडजस्टेबल मिळाला तर उत्तम, व्हाइटलाइन, आयबाख वगैरे लोक तसे बनवतात. पण तुमच्या गाडीच्या नेमक्या मॉडेल आणि वर्षाचा आहे का हे बघा, "थोडं वाकवून बसेल" वाला बार घेऊ नका. स्प्रिंग स्टील तापवून वाकवलं की त्याचा गुण गेला.

पैसे द्यायच्या आधी गाडीखाली वाका आणि मागे काय आहे ते बघा. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकमधे मागे टॉर्शन बीम असतो, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एक आडवा जाड बीम, जो स्वतःच पिळला जाऊन बारचं काम करतो, काहींच्या बीमच्या पोटात कंपनीचा दांडाही असतो. अशा गाडीला लिंक रॉडवाला बार बसत नाही, तिला बीमच्या दोन्ही हातांना बोल्टने आवळायचा वेगळा बार येतो. त्याचं काम उलट सोपं आहे, बुश नाही, लिंक नाही, किटमधल्या प्लेटा लावायच्या आणि बोल्ट आवळायचे. फक्त बीमला भोक पाडू नका आणि वेल्डिंग तर अजिबात मारू नका, वेल्डिंगवाला "काही होत नाही" म्हणेल, पण तो बीम दिवसभर पिळला जातो आणि चीर नेमकी वेल्डच्या कडेलाच सुरू होते. मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या गाड्यांची, बोलेरोसारख्या, गोष्टच वेगळी, त्या या लेखात नाहीत. खाली जे सांगतोय ते मागे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या, म्हणजे बुश, क्लॅम्प आणि लिंक असलेल्या गाड्यांसाठी.

आणि अजून एक, टायर, शॉकअप, जुने बुश आधी बघा. शॉकअप तेल गाळतोय, टायरची नक्षी संपलीय, हवा दोन महिन्यांत बघितलेली नाही, अशा गाडीला बार टाकून काय मिळणार आहे? आधी तिकडे पैसे घाला. निम्म्या लोकांची तक्रार तिथेच मिटते असं माझं मत आहे.

कागदाचंही बघून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या माहितीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमात न बसणाऱ्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला दिलेला बार टाकणं हा सगळ्यात कमी कटकटीचा रस्ता. बाहेरचा टाकणार असाल तर तुमच्या आरटीओत, जळगावचं एमएच-१९ असो, धुळ्याचं एमएच-१८ असो की नंदुरबारचं एमएच-३९, आधी विचारून घ्या, आणि इन्शुरन्सवाल्याला लेखी कळवा. गाडी वॉरंटीत असेल तर तिथेही विचारा.

सामान काय लागतं. बार, त्याच्या मापाचे नवीन बुश (जुने बुश जाड बारला बसत नाहीत, हे बरेच जण विसरतात आणि मग सकाळी दहा वाजता दुकान शोधत फिरतात), क्लॅम्प, लिंक रॉडची जोडी, नवीन नायलॉक नट. नायलॉक एकदा सोडला की परत वापरू नका, आतलं नायलॉन गेलेलं असतं. ट्रॉली जॅक, दोन घोडी (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड), लाकडी गुटके, गोटी (सॉकेट) सेट, रिंग पाने, एलन की, टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळणारा), वायर ब्रश, गंज सोडवायचा स्प्रे. जपानी-कोरियन गाड्यांत बहुतेक १०, १२, १४, १७ च्या गोट्या लागतात, युरोपियन गाड्यांत १०, १३, १६, १८ आणि मधेच एखादा टॉर्क्स (चांदणीसारख्या डोक्याचा बोल्ट) निघतो. टॉर्क पाना विकत घ्यायची गरज नाही, एखाद्या ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून दिवसभरासाठी मागून आणा. बुश पॉलियुरेथेनचे असतील तर सोबत ग्रीसची पुडी येते, ती हरवू नका. जळगावात पाइप आणि चटयांचे एवढे कारखाने आहेत, तर बुशही कुठेतरी लेथवर टर्न करून घेऊ, असा विचार काही लोक करतात. पाइपाचं प्लास्टिक बुशाला चालत नाही, ते कडक असतं, बारही खातं आणि आवाजही करतं.

आदल्या रात्री एक काम करून ठेवा, लिंकच्या आणि क्लॅम्पच्या सगळ्या नट-बोल्टांवर वायर ब्रश मारून स्प्रे सोडून ठेवा. शेताच्या रस्त्याने फिरणाऱ्या गाडीच्या खाली काळ्या मातीचा थर वाळून सिमेंटसारखा बसलेला असतो, नुसता वरून स्प्रे मारला तर तो माती पिते, आट्यापर्यंत पोचतच नाही.

आता जागा. शेतात, खळ्यात, वाड्यासमोरच्या मोकळ्या काळ्या मातीत जॅक लावू नका. वरून कडक दिसते पण खाली ओल असते आणि भेगाळलेली असते, जॅकचं चाक हळूहळू रुतायला लागतं आणि गाडी तिरकी होते, तुम्ही खाली असताना. काँक्रीट हवं. पेव्हर ब्लॉक असतील तर घोडीखाली जाड फळी किंवा लोखंडी प्लेट टाका. दुसरी गोष्ट, हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांना असतो, तुम्ही मागची चाकं उचलली की हँडब्रेक असून नसल्यासारखा. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके, गाडी गिअरमधे. मग कंपनीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागेवर जॅक लावून उचला, दोन्ही बाजूंना घोडी, जॅक सैल सोडून वजन घोडीवर, आणि गाडीला बाजूने हाताने जोरात ढकलून बघा. हलली तर परत खाली घ्या. विटा नाहीत, सिमेंटचे ब्लॉक नाहीत, ते काही न सांगता फुटतात.

ओळखीचं वॉशिंग सेंटर असेल आणि तिथे गाडी चाकांवर उभी राहील असा रॅम्प असेल तर सगळ्यात भारी. गाडी स्वतःच्या वजनावर बसलेली, तुम्ही खाली उभे, निम्मं काम तिथेच हलकं होतं. सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी तासाभरासाठी मागा, चहा पाजा. फक्त प्रेक्षक जमतात, "हाई काय शे भो?" विचारणारे दोघे-तिघे येतातच, त्यांना टॉर्च धरायला लावा.

दोन्ही चाकं एका उंचीवर असली पाहिजेत, एवढं मात्र पक्कं. दोन्ही लोंबकळत किंवा दोन्ही टेकलेली. एकच चाक उचलून लिंक सोडायला गेलात तर बार पिळलेल्या अवस्थेत असतो, नट सुटला की टोक झटक्यात येतं, बोटं तिथेच असतात.

सुरुवात लिंक रॉडपासून. इथेच नवीन माणूस अडकतो. नट सोडायला गेलात की आतला बॉल जॉइंटचा स्टडच नटाबरोबर फिरायला लागतो, पाना फिरतोय, फिरतोय, आणि नट आहे तिथेच. स्टडच्या टोकाकडे बघा, मातीने भरलेलं असेल, खिळ्याने खरवडा, आत षटकोनी खड्डा दिसेल. त्यात एलन की घट्ट ठोकून बसवा, ती एका हाताने धरा, आणि रिंग पान्याने नट सोडा. खड्डा साफ न करता एलन की टेकवली तर ती कोपरे खाऊन टाकते आणि मग काही धरायलाच उरत नाही. काही गाड्यांत खड्ड्याऐवजी रबराच्या मागे पाना धरायला दोन सपाट बाजू असतात, तिथे पातळ पाना लागतो. तरीही नाही सुटला तर ग्राइंडर आणायची घाई करू नका, मागे पेट्रोलची टाकी तिथेच आहे, ब्रेकचा होज आहे, सीएनजी असेल तर त्याचा पाइपही खालूनच गेलेला असतो. हॅक्सॉ घ्या आणि घाम गाळा, नाहीतर नट फोडायचं अवजार गॅरेजवाल्याकडे मिळतं. लिंक तशीही नवीनच टाकायचीय.

मग क्लॅम्प. सोडायच्या आधी मोबाइलवर चार-पाच फोटो काढा, बारचं टोक कुठल्या बाजूला वळलंय, बुशाची चीर पुढे आहे का मागे, वायर कुठून गेलीय. दोन्ही क्लॅम्प सुटले की बार खाली येतो, तो हाताने धरून ठेवा. काढताना सायलेन्सर आडवा येतो, त्याची लटकणारी रबरं काढून सायलेन्सर तारेने बांधून ठेवा, नुसता लोंबकळत सोडू नका. काही गाड्यांत सबफ्रेम थोडी खाली घेतल्याशिवाय बार निघतच नाही, तुमच्या गाडीचं तसं असेल तर मात्र नवख्याने एकट्याने करू नका, लिफ्टवालं गॅरेज गाठा, आणि नंतर अलाइनमेंट तपासून घ्या. सबफ्रेमला हात लागला नसेल तर नुसता बार बदलल्याने अलाइनमेंट हलत नाही.

जुना आणि नवीन बार जमिनीवर शेजारी ठेवून बघा, वाक जिथल्या तिथे आहेत ना. क्लॅम्प बसायची जागा घासून साफ करा. पॉलियुरेथेन बुशाला आतून पुडीतलं ग्रीस भरपूर लावा, रबरी बुश असेल तर साधं ग्रीस लावू नका, पेट्रोलियमचं ग्रीस रबर फुगवतं, हवं तर साबणाचं पाणी. बुश बारवर चढवा, क्लॅम्प लावा, बोल्ट हाताने फिरतील तेवढेच आवळा. आता लिंक न जोडता बार हाताने वर-खाली फिरवून बघा. थोडा जोर लावून फिरला पाहिजे, अडकत असेल तर बुश मापाचा नाही किंवा क्लॅम्प तिरका बसलाय. डाव्या आणि उजव्या टोकापासून चाकाच्या आतल्या कडेपर्यंत टेपने मोजा, बार मधोमध हवा. मग लिंक जोडा, त्याही सैल.

ॲडजस्टेबल बार असेल तर सगळ्यात टोकाच्या भोकात लिंक लावा, ते मऊ सेटिंग. वाकाच्या जितकं जवळचं भोक तितका बार कडक, कारण बारचा हात आखूड होतो. दोन्ही बाजूंना एकच भोक. काही लोक डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरं लावून मधली सेटिंग काढतात, बार एकच असल्याने ते चालतंसुद्धा, पण पहिल्या दिवशी त्यात पडू नका.

गाडी चाकांवर टेकवल्यावर, म्हणजे वजन सस्पेन्शनवर आल्यावर, मगच शेवटचं आवळणं. लोंबकळत्या चाकांवर रबरी बुशाची लिंक आवळली तर गाडी खाली आली की ते रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. लांबी कमी-जास्त करता येणारी लिंक असेल तर तिचा बोल्ट हाताने, न ओढता-ढकलता, भोकात सरकला पाहिजे, तेवढी लांबी करा. टॉर्क किती हे तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा धरा, तो नाहीच मिळाला तर ८.८ ग्रेडच्या ८ एमएम बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर आणि १० एमएमला ५० च्या आसपास धरतात. पाइप लावून जीव खाऊन आवळणाऱ्याला लांब ठेवा, क्लॅम्पचे बोल्ट त्यानेच तुटतात. शेवटी टॉर्च मारून बघा, ब्रेकच्या होजला, एबीएसच्या वायरला, सायलेन्सरला, टाकीला बार कुठेही टेकत नाही ना, एका बोटाची जागा तरी सगळीकडे हवी.

चालवून बघायला पहिल्याच दिवशी तोरणमाळचा घाट किंवा चांदसैली गाठू नका, आणि कन्नड घाट तर नकोच, तिथल्या गर्दीत तुमची चाचणी कोणी मागितली नाही. आधी कॉलनीत. सरळ स्पीडब्रेकरवरून हळू जा, दोन्ही चाकं एकदम चढतात तेव्हा बार गप्प पाहिजे. मग एकच चाक चढवा. "ठक" असा एकच आवाज आला तर क्लॅम्प सैल, बारीक खडखड आली तर लिंक, चीं चीं केलं तर बुशात ग्रीस कमी. मग सकाळच्या रिकाम्या, ओळखीच्या रस्त्यावर, जिथलं वळण तुम्हाला पाठ आहे तिथे नेहमीच्याच वेगाने जा. वेग वाढवायचा नाहीये, तेच वळण कमी स्टिअरिंगमधे निघतंय का एवढंच बघायचंय. एकट्याने एकदा आणि मागे तीन माणसं बसवून एकदा, कारण घरचे सगळे आणि डिकीत वांगी, कळण्याचं पीठ, भांडी भरून शेतावर भरीत पार्टीला निघालेली गाडी आणि रिकामी गाडी या दोन वेगळ्या गाड्या असतात.

कडक जास्त झालाय हे कसं कळतं, तर तुटक्या डांबराच्या वळणावर मागची बाजू उड्या मारत बाहेर सरकायला लागते, किंवा ॲक्सिलरेटर सोडल्यावर शेपूट हलतं. मग एक भोक मऊ करा. रावेर-यावलकडे केळीचा ट्रक समोरून आला की आपलं डावं चाक साइडपट्टीवर उतरतंच, अर्धी गाडी डांबरावर आणि अर्धी मातीत, अशा वेळी मऊ बार बरा. पावसाळ्यात तर मी बिनशर्त मऊ भोकातच ठेवा म्हणेन, कोंडाईबारी घाटात ओल्या रस्त्यावर कडक मागचा बार घेऊन फिरण्यात काही शहाणपण नाही.

शंभरेक किलोमीटर झाले की सगळे बोल्ट परत एकदा टॉर्क पान्याने तपासा, नवीन बुश थोडा दबतो आणि क्लॅम्प सैल पडतो. त्यानंतर प्रत्येक सर्व्हिसिंगला मेकॅनिकला आठवण करून द्या, तो स्वतःहून बघणार नाही. आणि जुना बार भंगारवाल्याला देऊन टाकू नका. क्लॅम्प, बुश, बोल्ट एका पिशवीत बांधून बारलाच गुंडाळा आणि माळ्यावर टाका, गाडी विकताना किंवा पासिंगच्या वेळी तोच परत लागतो आणि तेव्हा नवीन मागवायला गेलात तर आठ-पंधरा दिवस वाट बघत बसाल.